नाचणीच्या बिस्किटांची तक्रार : माझा अनुभव

कुडाळच्या बाजारात नाचणीची बिस्किटं आता जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसतात. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पुडा मी उलटा करून वाचते. नाचणीच्या बिस्किटांच्या अशाच एका पुड्यावर समोर मोठ्या अक्षरांत 'साखर न घातलेली' आणि त्याखाली 'मधुमेहींसाठी उत्तम'. मागच्या घटकांत मात्र पहिला मैदा, दुसरा गूळ, नाचणीचं पीठ त्याच्याही खाली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानेच छापावे लागतात, म्हणजे नाचणीच्या नावाखाली मुख्यतः मैदाच विकला जात होता. आणि गूळ हाही बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखरच.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "वयनी, ह्यां आमी बनवतव काय? कंपनीक इचारा." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर 'गूळ नैसर्गिक आहे' एवढंच उत्तर मिळालं. माझा प्रश्न साखरेचा होता! वयस्कर माणसं अशा एका ओळीवर विश्वासून चार बिस्किटं जास्त खातात, याचा मला फार राग येतो.

मग नियम काढून वाचले. खाद्यपदार्थांवर छापायच्या अशा दाव्यांबाबतचे नियम २०१८ चे आहेत. कसलीही साखर, मध किंवा काकवी घातली असेल तर 'साखर न घातलेली' असं लिहिता येत नाही. शुगर फ्री म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. या पुड्यावर छापलेला आकडा होता २४ ग्रॅम. शिवाय २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लेबल आणि वेष्टन हीसुद्धा जाहिरातच धरली आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे वाचल्यावर मला धीर आला. प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसला तरी चालणार होतं, कारण पुड्याची मागची बाजूच पुढच्या बाजूला खोटं पाडत होती.

तक्रार सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरून केली. पुड्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक, १४ अंकी परवाना क्रमांक आणि बिल. बिल नक्की मागून घ्या. आपल्याकडे दुकानात ते सहसा देत नाहीत. एक पुडा न फोडता ठेवला. मजकुरात भावना न घालता समोरचं वाक्य आणि मागचा घटक शेजारी शेजारी लिहिले.

बरेच दिवस काही हललं नाही. मग अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी बिल पाहिलं, पुडा कुठून घेतला ते विचारलं आणि दुकानातून स्वतः नमुना घेतला, कारण कारवाईसाठी त्यांच्या पद्धतीने घेतलेला नमुनाच लागतो.

आता नवीन पुड्यांवर 'गुळाची बिस्किटं' असं छापून येतं आणि मधुमेहींची ओळ गेली आहे. समोर नाचणीच्या कणसाचं चित्र मात्र अजून तेवढंच मोठं आहे, आणि मागे पहिला घटक मैदाच. त्यावर दुसरी तक्रार मी नव्या बिलासकट टाकली आहे.