हाउसफुल प्रयोगातला खड्डा

सांस्कृतिक व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात प्रकल्प म्हणजे बहुतेक वेळा ‘महोत्सव भरवा’ एवढीच सूचना. कार्यक्रम दणक्यात होतो, पण तिकिटाचा दर कशावरून ठरला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रकल्पाआधी दोन आठवडे समस्या सोडवायला द्यावी.

समस्या अर्ध्या पानाची असावी, पण तिच्यात पेच हवा. उदाहरणार्थ, नाट्यगृहात २२० खुर्च्या. भाडं, मानधन, प्रकाश-ध्वनी, जाहिरात मिळून ठरलेला खर्च ६०,००० रुपये. शिवाय दर प्रेक्षकामागे ५०. तिकीट २५०. विद्यार्थी आधी पोस्टरवरच तुटून पडतात. मग कुणीतरी हिशेब मांडतं: एका तिकिटामागे हाती उरतात २००, म्हणजे खर्च निघायला ३०० प्रेक्षक हवेत. प्रयोग हाउसफुल झाला तरी १६,००० चा खड्डा! मग जाहिरातीचा विषय मागे पडतो. दर वाढवायचा, प्रायोजक गाठायचा, की दुसरा प्रयोग लावायचा? दुसऱ्या प्रयोगाला भाडं आणि मानधन पुन्हा द्यावं लागतं, जाहिरातीचा बराचसा खर्च मात्र वाचतो. दुसऱ्या प्रयोगाचे आकडे शिक्षकाने आयते देऊ नयेत. ते शोधणं हाच अभ्यास.

चर्चेला नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या सात पायऱ्या सोयीच्या पडतात: शब्द स्पष्ट करा, प्रश्न मांडा, सुचेल ते बोला, त्याची जुळणी करा, काय शिकायचं ते ठरवा, वेगवेगळे अभ्यासाला लागा, परत येऊन मांडा. गडबड होते ती पाचव्या पायरीवर. वेळ संपत आला की शिक्षकच प्रश्नांची यादी फळ्यावर लिहून देतो आणि सगळं मुसळ केरात. समस्या देऊन शिकवण्याची ही पद्धत मुळात १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी सुरू झाली. तिथे रोगाचं निदान पडताळता तरी येतं, इथे दोन गटांची उलटी उत्तरंही बरोबर असू शकतात.

प्रत्यक्ष प्रकल्पाला पाच-सहा जणांचा गट पुरे. मोठ्या गटात दोघं राबतात, बाकीचे फोटोपुरते. कामं अर्ध्यावर बदलावीत, नाहीतर चित्र चांगलं काढणारी मुलगी शेवटपर्यंत पोस्टरच करते आणि बजेटला हातही लावत नाही. बदलताना एका पानाचं हस्तांतरण टिपण सक्तीचं.

गुण कार्यक्रमाच्या झगमगाटाला नकोत, निर्णयवहीला द्यावेत: तारीख, निर्णय, नाकारलेले पर्याय, आधार. वही रोजच्या रोज भरली नाही तर शेवटच्या रात्री बसून रचली जाते; म्हणून शिक्षकाने दर आठवड्याला तिच्यावर सही करावी.

आणि कार्यक्रम सत्र संपण्याच्या तीन आठवडे आधी उरकावा. पावत्या जमवायलाच एक आठवडा जातो.