हत्ती गेला, शेपूट राहिलं: छोटा गेम पुरा करण्याबद्दल

हौसेनं गेम बनवणाऱ्यांच्या लॅपटॉपवर 'नवीन', 'नवीन 2', 'फायनल', 'फायनल खरंच' असे फोल्डर साठत जातात. प्रत्येकात काहीतरी चालतं. माणूस पळतो, उडी मारतो, चेंडू आपटतो. राहिलेलं असतं ते एवढंच, की ते दुसऱ्या कुणाला खेळायला पाठवता येत नाही. खापर आळसावर फोडलं जातं, पण बहुतेक वेळा शेपटाचं काम आधी मोजलेलंच नसतं. सुरुवातीची स्क्रीन, पॉज, हरल्यावर पुन्हा सुरू, आवाज कमी-जास्त करणं, सेव्ह, एक्स्पोर्ट (दुसऱ्याला चालवता येईल अशी प्रत काढणं), गेमच्या पानावरची चित्रं. यातलं एकही काम अवघड नाही आणि एकातही गंमत नाही. म्हणून ते सगळं शेवटी येतं, आणि शेवटी उत्साह उरलेला नसतो.

तेव्हा क्रम उलटा करा. शेपूट आधी काढा.

उदाहरणाला गोदो 4 हे गेम बनवायचं फुकट इंजिन आणि लगोरीचा गेम घेऊ. पहिल्या दिवशी चेंडू नाही, दगड नाहीत. एक रिकामा सीन (गेममधला एक पडदा), त्यावर 'लगोरी' हे नाव, एक 'सुरू करा' बटण, आणि ते दाबल्यावर दुसरा रिकामा सीन. एवढंच वेबसाठी एक्स्पोर्ट करून इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या वेबसाइटवर खासगी पान म्हणून चढवायचं. त्यासाठी एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे प्रत काढायचे तयार साचे, वेगळे उतरवावे लागतात आणि ते एडिटरच्या नेमक्या त्याच आवृत्तीचे लागतात. मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'च हवं, आणि झिपमध्ये ती सगळ्यात वरच्या पातळीवर हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. गोदो 4.3च्या आधीची आवृत्ती असेल तर पानाच्या सेटिंगमध्ये शेअर्ड अरे बफरची खूण करावी लागते, नाहीतर गेम सुरूच होत नाही. ही खूण थ्रेडसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवण्यासाठी, लागते. 4.3पासून थ्रेडशिवाय एक्स्पोर्ट करता येतं, ते बरं.

हे पहिल्याच दिवशी करायचं, कारण 'माझ्याकडे चालतंय' प्रकारच्या चुका एक्स्पोर्टनंतरच दिसतात. चित्राच्या फाइलचं नाव कॅपिटल 'बी'नं सुरू होतं आणि कोडमध्ये तुम्ही स्मॉल 'बी' लिहिलाय, तर विंडोजवर एडिटर चालवून घेतो. एक्स्पोर्ट केल्यावर चित्र गायब. गुणसंख्या 'रेस' या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये सेव्ह केली तर एडिटरमध्ये होते, बाहेर होत नाही, कारण तिथे तो फोल्डर फक्त वाचण्यापुरता असतो. लिहायचं ते 'यूजर' या खेळणाऱ्याच्या बाजूच्या फोल्डरमध्ये. ब्राउझर तर पहिल्या क्लिकशिवाय आवाजच सुरू करत नाही, म्हणून 'सुरू करा' हे बटण शोभेचं नाही. या तीन गोष्टी पाच फाइलींत दहा मिनिटांत सापडतात. दोनशे फाइली झाल्यावर त्याच शोधण्यात अख्खा रविवार जातो.

आता हत्तीकडे. लगोरी म्हणजे दोन संघ, सात चपट्या दगडांचा ढीग, एकानं चेंडू मारून तो पाडायचा आणि दुसऱ्या संघाचा चेंडू अंगावर घेण्याआधी परत रचायचा. पळणारे आणि चेंडू मारणारे खेळाडू संगणकानं चालवायचे म्हटलं की काम महिन्यांवर जातं. त्यामुळे पहिल्या गेममध्ये रचणं नाही, संघ नाहीत. दहा चेंडू, ढीग पाडा, गुण मोजा. लगोरीवाल्यांना हे पटणार नाही, कारण खरी मजा रचण्यातच आहे. असू दे. रचण्याचा भाग 'पुढचा गेम' नावाच्या वहीत लिहून ठेवा, या फोल्डरमध्ये नको.

सात दगड एकावर एक ठेवले की पहिली डोकेदुखी लगेच येते: ढीग कुणी हात न लावता थरथरतो, कधी आपोआप कलतो. प्रत्येक दगड रिजिड बॉडी (भौतिकीच्या नियमांनी हलणारी वस्तू) आहे आणि भौतिकीचं गणित दर टिकला, म्हणजे दर ठोक्याला, त्यांना थोडं थोडं ढकलत असतं. घर्षणाचे आकडे बदलत बसू नका. दगडांना जागीच गोठवणारं 'फ्रीझ' चालू ठेवा आणि ढिगाभोवती एक एरिया (आत काय शिरलं ते कळवणारी अदृश्य चौकट) टाका. चेंडू त्यात शिरला की फ्रीझ काढा. ते काढताना 'सेट डिफर्ड' वापरा, ते बदल जरा पुढे ढकलतं; भौतिकीचं गणित चालू असताना थेट बदल केला तर गोदो तक्रार करतो. आणि चेंडूला वेगळा कोलिजन लेयर (टकरीचा गट) देऊन एरियाच्या मास्कमध्ये, म्हणजे तिनं लक्ष ठेवायच्या गटांत, तेवढाच ठेवा. हे विसरलं तर एरियाला आतले दगडच 'शिरलेले' दिसतात आणि ढीग सुरुवातीलाच मोकळा होतो.

एरिया किती मोठा? गोदोत भौतिकीचे टिक सेकंदाला 60. चेंडूचा वेग सेकंदाला 2400 पिक्सेल असेल तर तो एका टिकला 40 पिक्सेल सरकतो. फ्रीझ निघायला एक-दोन टिक लागतात, म्हणून ढिगापासून 120 पिक्सेल आधी एरिया सुरू करा. वेग 4800 केलात तर उडी 80 पिक्सेलची होते. दगड 40 रुंद आणि चेंडू 16चा, मिळून 56, म्हणजे चेंडू दगडाला न शिवता पलीकडे जाऊ शकतो. चेंडूचं 'कंटिन्युअस सीडी' (दोन टिकांमधल्या वाटेवरचीही टक्कर तपासणं) चालू करता येतं, पण वेग आवरणं जास्त खात्रीचं.

फेकणं आणि पडणं जमलं की दगडांना छान चित्रं, धूळ, मागे डोंगर असं काहीबाही सुचतं. त्याआधी 'पुन्हा खेळा' करून घ्या. सीन परत लोड केला तरी ऑटोलोडमधला (सीन बदलले तरी टिकणाऱ्या भागातला) गुणांचा आकडा तसाच राहतो, तो हातानं शून्य करावा लागतो. पॉज केलेल्या अवस्थेत सीन परत लोड केला तर नवा डावही गोठलेलाच येतो. पॉज मेनूचा प्रोसेस मोड (पॉजमध्ये चालू राहायचं की नाही ते ठरवणारी सेटिंग) बदलला नाही तर मेनूही गोठतो आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही. सलग वीस डाव न अडता खेळता आले, मग धूळ आणि डोंगर.

मराठी मजकुराचं एक स्वतंत्र झेंगट आहे. गोदोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर ते कळतही नाही, कारण संगणकावरचा फॉन्ट मदतीला येतो. वेबवर तो येत नाही आणि अक्षरांच्या जागी चौकटी दिसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी प्रकल्पातच टाका, दोन्हींचा परवाना खुला आहे. आकार 20 पिक्सेलच्या खाली नेला की रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. टाइपरायटरसारखी एकेक अक्षर उमटणारी वाक्यं करायची असतील तर मजकुराची 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर' ही सेटिंग बदलून पाहा, नाहीतर 'क्ष' उमटण्याआधी क्षणभर पाय मोडका 'क्' दिसतो.

काटछाट स्वतःहून जमत नसेल तर बाहेरची मर्यादा घ्या. लडम डेअर ही ठरावीक वेळात गेम बनवायची स्पर्धा 2002पासून चालते. तिच्या एकट्यानं गेम बनवायच्या गटात 48 तास मिळतात. पिको-8 हे मुद्दाम मर्यादा घातलेलं छोट्या गेमचं इंजिन: स्क्रीन 128 गुणिले 128 पिक्सेलची, रंग 16, कोडला 8192 टोकन (कोडमधले शब्द आणि चिन्हं). 'सेलेस्ट' या गाजलेल्या गेमची मूळ छोटी आवृत्ती दोघांनी 2015मध्ये त्यातच चार दिवसांत केली; मोठा गेम 2018मध्ये आला. मात्र पिको-8मध्ये देवनागरी आयती मिळत नाही, अक्षरं स्प्राइट (छोटी चित्रं) म्हणून काढावी लागतात.

दुसऱ्याच्या हातात गेम देताना काहीही सांगू नका. 'इथे दाब' हे तोंडून निघालं की चाचणी संपली. तो कुठे थांबला एवढंच लिहा. गेम पुढे जात नाही अशी चूक लगेच दुरुस्त करायची, दिसायला वाईट ती वेळ उरला तर, आणि 'यात अजून असं पण पाहिजे' हे सगळं वहीत.

पहिला गेम इचवरच ठेवावा असं माझं मत आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमला 100 डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेची नोंदणी एकदाच 25 डॉलरची, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. बारा माणसं जमवून त्यांना दोन आठवडे धरून ठेवणं गेम लिहिण्यापेक्षा अवघड जाऊ शकतं.

जुना अर्धवट फोल्डर उघडणार असाल तर इंजिन बदलू नका. गोदो 3मधला प्रकल्प 3मध्येच संपवा. 4मध्ये नेताना नोडची (सीनमधल्या घटकांची) आणि फंक्शनची नावं बदलतात आणि दुरुस्तीतच जोर संपतो. 3मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, पण छोट्या गेममध्ये मराठी मजकूर असतो किती? पाच-सहा ओळी. त्या इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये लिहून चित्रं म्हणून चिकटवा.