आवाज चार फ्रेम पुढं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या दुमजली घरात होम थिएटर बसवायचं काम होतं. बजेट वीस हजार. नातवानं फोनवरच सांगितलं, "दादा, एवढ्यातच बसवा. आजोबांना गुडघ्यामुळं जिना चढवत नाही आणि सगळे सिनेमे वरच्या कॉम्प्युटरवर आहेत." टीव्ही घरात होताच, 43 इंची.

वीस हजारांत नवा चकचकीत सेट आणता येतो. पण त्याचे खोके हलके असतात आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत. मी माझ्या पद्धतीनं गेलो. पाच स्पीकर जोडता येतील असा जुना एव्ही रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणारा खोका, साडेआठ हजारांना मिळाला, त्याबरोबर लाकडी पेटीचे दोन स्पीकर. मधला स्पीकर मात्र मी नवाच घेतला, कारण माणसांचं बोलणं बहुतेक त्यातूनच येतं आणि तिथं पैसे वाचवायला माझा जीव होत नाही. मागचे दोन स्पीकर पुढं कधीतरी. वरच्या कॉम्प्युटरवर जेलीफिन टाकलं, म्हणजे तिथले सिनेमे खालच्या टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि घरातल्या घरात इंटरनेटशिवायही चालतं.

वायफायचा नाद मी पहिल्याच दिवशी सोडला. भिंती दीड-दीड फुटाच्या, दगड-मातीच्या. वरून खाली येईपर्यंत सिग्नल मरून जायचा आणि चित्र दर दोन मिनिटांनी अडकायचं. जिन्याच्या कडेनं कॅट सिक्सची नेटवर्क वायर ओढली, निव्वळ तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर निम्म्या भावात मिळते, पण ती मी कुणाच्याच घरात घालत नाही. तरीही स्पीड शंभर एमबीपीएसच्या वर जाईना. वायरच्या आठ तारांपैकी चार तारांवर शंभरचं काम भागतं, हजारासाठी आठही लागतात. टेस्टर लावला तर सात नंबरचा दिवा बंद. कनेक्टर कापून नवा दाबून बसवला आणि हजार आले. सिनेमाला शंभरही पुरले असते, पण अर्धवट वायर टाकून यायचं मला जमत नाही.

दुपारी तीनला पहिला सिनेमा लावला. तात्या, म्हणजे आजोबा, आरामखुर्चीत बसले होते. गावातल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं सिनेमा दाखवायचं मशीन चालवलं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मिनिटभर बघून म्हणाले, "लेका, आवाज पुढं पळालाय. चार फ्रेम."

मला काहीच जाणवलं नव्हतं. "चारच कसं म्हणता तात्या?"

"ओठ मिटायच्या आधी शब्द संपतोय. आमच्या मशीनला खालचा लूप लहान पडला की असंच व्हायचं."

मग त्यांनी हातानं हवेत फिल्म ओवून दाखवली. फिल्मवर आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या वीसेक फ्रेम पुढं छापलेली असते. चित्रावर उजेड पडतो त्या गेटपाशी फिल्म थांबत-थांबत सरकते, तिथं आवाज वाचता येत नाही, म्हणून तो खाली सलग फिरणाऱ्या ड्रमवर वाचतात. या दोहोंच्या मधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, बरोबर मापाचा लागतो. बोटांत फिल्म धरल्यासारखी चिमूट, अंगठा किंचित वाकडा. समोर मशीन नव्हतं, पण हात एकदाही चुकला नाही.

मी हिशोब केला. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची. चार म्हणजे 167. दोष टीव्हीचा होता. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून तो चित्रावर प्रक्रिया करत बसतो, तेवढ्यात रिसीव्हर आवाज सोडून मोकळा होतो. टीव्हीतली ती सोय बंद केली.

"आता दोन," तात्या म्हणाले.

रिसीव्हरमध्ये आवाज मुद्दाम उशिरा सोडायची सोय असते, ऑडिओ डिले; त्यात 80 मिलिसेकंद टाकलं. तात्या पुढं वाकून ओठांकडं बघत राहिले. दोन वाक्यं झाली, तिसरं झालं. "बसला," म्हणाले आणि डोळे पुसले. नातू वायरी गोळा करायचा थांबला. आजोबांचं काम त्यानं आज पहिल्यांदाच बघितलं असावं.

या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता, हे मी शाळेपासून ऐकत आलोय. तसलं ज्ञान केबिनमध्ये उभं राहून पोट भरणाऱ्या माणसांच्या बोटांतही किती होतं, ते त्या दुपारी कळलं. माझ्याकडं टेस्टर होता, मीटर होता, पण ओठ आणि आवाज जुळलाय का हे मोजायचं काहीच नव्हतं.

सामान आवरत होतो तर तात्यांनी नातवाला खुर्ची मागं, भिंतीला टेकवून ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, "तात्या, आवाज मधल्या जागेला लावलाय, तिथंच चांगला येईल."

"माझी जागा मागंच रं. केबिन मागंच असतं."

आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. मी पिशवीतून टेप काढली, तिन्ही स्पीकरपासून त्या खुर्चीपर्यंतची अंतरं नव्यानं मोजली आणि मधल्या स्पीकरचे आठ फूट खोडून रिसीव्हरमध्ये अकरा केले.