फणसाची फळी आणि वॉल्व्हची दांडी

झोपाळ्याची फळी दुरुस्तीला आली होती. जुनी, फणसाची, कड्यांच्या भोकांभोवती काळी पडलेली. वरचं पॉलिश काढून दे, एवढंच काम. फणसाची रेघ मात्र एका पट्टीत सुलट, तर शेजारच्या पट्टीत उलट. रंध्याचं पातं केसाएवढं बाहेर ठेवलं तरी उलट पट्टीत ढलप्या निघत होत्या.

म्हटलं, स्क्रॅपर मारू, म्हणजे पातळ पोलादी पत्र्याच्या कडेने लाकूड खरवडू. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा चौकोनी तुकडा माझ्याकडे होता, मिलिमीटरभरही जाड नसेल. (वडील या कामाला फुटकी काच वापरायचे. काच चांगली चालते, पण बोटांचं काही खरं नाही.) कड कानशीने घासली, ती जराशी वळून धार यावी म्हणून तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हरची दांडी दाबून फिरवली आणि लागलो खरवडायला. निघाला नुसता भुसा. सकाळपासून चारदा धार लावली, चारही वेळा तेच. हट्टाने आणखी जोर लावला, तर अंगठे भाजले. पातळ पत्रा घासून तापतो, आणि तो वाकवायला मागून अंगठेच लावावे लागतात.

दुपारी जेवताना स्क्रू-ड्रायव्हर सहज हातात घेतला. दांडीवर बारीक खाचा पडल्या होत्या. म्हणजे मी करवतीच्या पात्याला धार लावत नव्हतो, करवतीचं पातंच माझ्या स्क्रू-ड्रायव्हरला कापत होतं!

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून इंजिनाचा टाकाऊ वॉल्व्ह आणला. त्याची दांडी कडक आणि आरशासारखी गुळगुळीत. या वेळी घाई केली नाही. पत्रा वाइसमध्ये धरून कड सपाट कानसली, गुण्या लावून काटकोन पाहिला. मग ऑइलस्टोनवर कड आणि दोन्ही बाजू घासल्या, कानशीचे ओरखडे जाईपर्यंत. ही पायरी मी सकाळी खाल्ली होती. ओरखडे राहिले तर धारही तशीच दातेरी येते. शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडून वॉल्व्हची दांडी आधी पत्र्याच्या बाजूवर आडवी फिरवली, मग कडेवर सरळ, आणि शेवटी पाच-सात अंश कलती करून दोनच हात. तेही हलके. कड बाहेरच्या बाजूला जरा वळली पाहिजे, बस. नखाला जेमतेम अडकेल इतकी. जास्त दाबलं की ती पार दुमडते आणि लाकडाला लागतच नाही.

फळीवर पहिला हात मारला तो त्या उलट पट्टीतच. कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट गुंडाळत वर आलं, पिवळंधमक. संध्याकाळपर्यंत सगळी फळी हळदीत बुडवल्यासारखी दिसायला लागली. अंगठ्यांना मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते.

काकू फळी न्यायला आल्या, आणि दारातच थबकल्या.

"अहो, ही आमची नाही. आमची काळी होती."

मी कडीचं भोक दाखवलं. त्यांनी त्यात बोट फिरवून पाहिलं, मग फळीवरून हात फिरवला.

"आता अशीच राहणार का?"

"नाही काकू. उजेडात राहिली की होईल परत तांबूस."

"मग राहू दे. पॉलिश नको लावूस इतक्यात."