गगनबावड्याचा रस्ता आणि सनरूफची कुरकुर

फुलेवाडी नाका मागे पडला आणि मागच्या सीटवरून आईनं विचारलं, "छतात उंदीर शिरलाय काय रे?"

आवाज मला महिनाभर ऐकू येत होता, पण शहरातल्या गर्दीत तो दबून जायचा. डिसेंबरातली रविवारची पहाट, थंडी चांगली पडलेली, रस्ता मोकळा, म्हणून त्या दिवशी तो लपला नाही. कर्र... कर्र... टक. गाडीत आम्ही चौघं होतो, मी, दाजी, ताई आणि आई. कोल्हापूर ते गगनबावडा अंतर साधारण ५५ किलोमीटर आणि वाटेत डांबर, पुलाचे सांधे, गावागावांतले गतिरोधक असं सगळं लागतं. आवाज शोधायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

आठ दिवस आधी एका गॅरेजला गाडी दाखवली होती. तिथल्या पोरानं सनरूफची, म्हणजे छतातल्या उघडत्या खिडकीची, काच उघडली, भोवतीच्या रबरावर तेलाचा स्प्रे मारला आणि "झालं" म्हणाला. दोन दिवस गाडी शांत होती. मग त्या तेलावर धूळ बसली आणि आवाज पहिल्यापेक्षा वाढला. सनरूफच्या रबराला पेट्रोलियमचं तेल, व्हॅसलिन, साधं ग्रीस चालत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं आणि काही महिन्यांत त्याची पकड जाते. हे मला आधी माहीत असतं तर मी त्याचा हात धरला असता. तुम्ही धरा.

बालिंग्याच्या पुलावर दाजींनी कामाला सुरुवात केली. गाडी मी चालवत होतो, तपासणी त्यांची. आधी आतला पडदा पुढं-मागं सरकवला, आवाज तसाच. मग तळव्यानं काचेला खालून हलका दाब दिला, आवाज कमी. शेवटी काच मागून वर उचलली, म्हणजे टिल्ट केली, आणि कुरकुर एकदम थांबली. तिथंच निदान झालं. काच उचलल्यावर आवाज जात असेल तर तो काच आणि रबर यांच्या घासण्याचा असतो. जात नसेल तर काच ज्यावर सरकते ती रेल, पडदा किंवा छताचं अस्तर बघायचं. आवाज कुणाचा हे कळल्याशिवाय काहीही लावू नका. चालवणाऱ्यानं मात्र हात वर नेऊ नये, शेजारी माणूस हवाच. ऊसतोडणीच्या दिवसांत या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागं दिवा असेलच याची खात्री नाही.

कळे गावाशी चहा घेतला. पुढं ऊन वर आलं तशी ताईनं हौसेनं सनरूफ पूर्ण उघडायला सांगितलं. साठ-सत्तरच्या वेगाला कानात धडधड सुरू झाली, आईनं कानावर पदर घेतला. हा बिघाड नव्हे. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारल्यावर ती जशी घुमते, तशी गाडीतली हवा घुमते. मागची एक खिडकी दोन बोटं खाली घेतली की थांबते. पुढच्या कडेला वारा वर ढकलणारी जाळी असते, ती नीट उभी राहते ना तेही बघून घ्या, तिच्यात पाला अडकला तरी आवाज वाढतो. आणि पोरांना त्या भोकातून उभं करू नका. अचानक ब्रेक लागला तर लेकरू थेट छताच्या काठावर आदळतं.

गगनबावड्यात धुकं उशिरापर्यंत होतं. गगनगडावर आईला सावकाश नेलं. धुकं फाटलं तसं खाली कोकण दिसायला लागलं आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही. परतताना अकरा वाजून गेलेले, ऊन तापलेलं, आणि कुरकुर निम्म्यावर आलेली. थंडीत रबर कडक होतं, उन्हानं सैल पडतं. म्हणून मेकॅनिकला गाडी दाखवायची तर सकाळी लवकर न्या, दुपारी नेली तर "आवाज कुठाय?" म्हणतील.

पुढच्या रविवारी दारातच काम काढलं. गाडी रोज गुलमोहराखाली उभी असते. काच उघडून रेलमध्ये बघितलं तर ती बारीक पानं, लाल माती आणि त्या स्प्रेचं तेल यांचा काळा लगदा झालेला. कानकोरणीच्या कापसानं तो निघेना. जुना टूथब्रश, मग व्हॅक्यूम, मग ओलं कापड. रबर साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसलं, पूर्ण वाळू दिलं आणि मग सिलिकॉन ग्रीस बोटावर वाटाण्याएवढं घेऊन अख्ख्या रबरावर पातळ चोळलं. चकाकी दिसली की पुरे, जास्तीचं पुसून काढा. रेलला मात्र गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच ग्रीस लावा आणि तेही नावापुरतं, नाहीतर पुन्हा लगदा.

मग कागदाची पट्टी काचेखाली धरून काच बंद केली आणि पट्टी ओढून बघितली. तीन बाजूंना घट्ट, डावीकडे पुढं सहज निघाली. काच तिथं किंचित वर राहिलेली. हे काम मी घरी केलं नाही. उद्यमनगरातल्या एका जाणत्या मेकॅनिकनं बाजूचे स्क्रू सैल करून काच बसवून दिली. साधारणपणे पुढची कड छताच्या बरोबरीनं किंवा केसभर खाली, मागची बरोबरीनं किंवा केसभर वर अशी ठेवतात, पण तुमच्या गाडीचं माप विचारूनच घ्या. पुढची कड वर राहिली की वारा तिच्यात शिरून शिट्टी वाजवतो.

पाणी जाणाऱ्या नळ्या विसरू नका. बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांत त्या असतात. प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी सावकाश ओतलं आणि खाली कुठं ठिबकतं ते पाहिलं. उजवी पुढची नळी तुंबलेली. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू आत घालून मोकळी केली. तार घालू नका, नळी फाटते. हवेचा प्रेशरही मारू नका, छताच्या आत नळी सांध्यातून निसटली तर पहिल्याच पावसात अस्तर भिजतं. गगनबावडा तालुक्यात जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो, त्या बाजूला जूननंतर जाणार असाल तर हे मे महिन्यातच करून घ्या.

जानेवारीत पुन्हा त्याच वाटेनं निघालो, तशाच थंडीत. बालिंगा, कळे, सगळीकडे शांत. असळजच्या पुढं मात्र एक बारीक टक टक ऐकू आली आणि माझ्या काळजात धस्स झालं. दाजींनी काचेला हात लावला, फरक नाही. आरशाशेजारच्या चष्म्याच्या कप्प्यावर बोट ठेवलं, आवाज बंद. गगनबावड्यात पोचल्यावर ताईनं तिच्या टिकल्यांच्या पाकिटातला मखमली तुकडा कापून त्या झाकणाच्या कडेला चिकटवला. अजून तसाच आहे.