कपिकच्छूची शेंग आणायला गेले तेव्हा

आयुर्वेदाच्या एमडीला द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचा विषय, घेतलं आणि प्रबंधासाठी कपिकच्छू वाट्याला आली. कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुयली. मी काष्ठौषधींच्या दुकानातून अर्धा किलो कवचबीज, म्हणजे तिच्या बिया, आणलं आणि निम्मं काम झालं असं समजले.

सरांनी मूठभर बिया टेबलावर पसरल्या. दोन मोठ्या चपट्या बिया बोटाने बाजूला सारल्या. "यांचा डोळा बघ." बी शेंगेला जिथे चिकटलेली असते, ती खूण. कुयलीच्या बीचा डोळा एका कडेला, आखूड, भोवती फिकट कड. या दोघींना मात्र काळा पट्टा जवळजवळ पाऊण वेढा घालून आलेला. ही सोनगारवी, म्युकुना मोनोस्पर्मा, कुयलीच्याच कुळीतली दुसरी वेल. नावाप्रमाणे शेंगेत बहुधा एकच बी.

उरलेल्या बिया कपिकच्छूच्याच, यावरही सर सही करेनात. म्युकुना प्रुरिएन्सचे, म्हणजे खाजकुयलीचे, दोन प्रकार: रानातली खाजरी आणि शेतात लावतात ती बिनखाजेची, युटिलिस. युटिलिसची बी बहुधा मोठी असते, पण रंग दोन्हींत काळा, करडा, ठिपक्यांचा, कसाही. "शेंग आण, मग बोलू."

ऑक्टोबरात चिपळूणजवळ मामाकडे गेले. फुलांचे लोंबते जांभळे घोस कागदात दाबले, ते वाळून कोळशासारखे काळे झाले. शेंगांसाठी जानेवारीत पुन्हा एसटी.

"बाय, वारा पाठीवर घे," मामा म्हणाला. वाकडी, इंग्रजी एससारखी शेंग, अंगावर उभ्या कडा आणि सोनेरी तपकिरी लव. भिंगाखाली एकेक केस ताठ उभा. युटिलिसची लव मऊ, शेंगेला चिकटून बसलेली असते. सोनगारवीच्या शेंगेवर तर तिरक्या आडव्या घड्या, त्यामुळे तो प्रश्नच उरला नाही.

हातमोजे होते. मोजा आणि बाही यांच्यामध्ये मात्र दोन बोटं मनगट उघडं राहिलं. त्या केसांत म्युकुनेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्यानेच आग होते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मामीने शेण चोळलं. चोळताना हसत होती.

पुण्याला कोरेगाव पार्कात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात ओळख पक्की करून घ्यायला पानं, फुलं, शेंगा असा पूर्ण नमुना दिला. पुडक्यावर मी लाल पेनाने 'खाज' लिहिलं होतं. तिथल्या बाईंनी ते वाचलं, खिडकीजवळचा पंखा बंद केला आणि चिमटा काढला.