लाल कापडातली कवटी

शरीररचनाशास्त्र विभागात पोलीस हाडं घेऊन येतात, त्यात नवल नाही. बहुधा ती शेळीची नाहीतर कुत्र्याची निघतात. डोळ्याची खोबण सापडली तर निकाल लगेच लागतो, कारण या जनावरांची खोबण मागून उघडी असते.

त्या दिवशी हवालदारांनी खोका उघडला आणि माझ्या पोटात गोळाच आला. रस्त्याच्या खोदकामात निघालेला छोटासा चेहरा, डोक्याचा मागचा भाग फुटून गेलेला, सोबत कुजलेलं लाल कापड. गावात नरबळीची कुजबुज सुरू झाली होती आणि दोन घरांकडे बोटं दाखवली जात होती.

"मॅडम, लेकराचं आहे का हो?"

खोबणी समोर बघणाऱ्या, मागून हाडाने बंद. वरच्या जबड्यात एका बाजूला दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन दाढा. सगळे दुधाचे, आणि आपल्या मुलांच्या तोंडात असतात तेवढेच. नुसते दात मोजून कोणीही "मूल" म्हटलं असतं.

भिंगाखाली मागची दाढ धरली. आपल्या मुलांच्या या दाढेवर चार उंचवटे असतात आणि त्यातल्या दोघांना जोडणारी एक तिरपी कड असते. इथे तिरपं काहीच नव्हतं. पुढे एक आडवी धारदार कड, मागे तशीच दुसरी, मध्ये खोल खाच. मग नाकाच्या कडेला नजर गेली. तिथून एक बारीक शिवण खाली उतरून पटाशी आणि सुळ्याच्या मधे पोचत होती. ही प्रीमॅक्सिला या, वरचे पटाशीचे दात धरणाऱ्या हाडाची हद्द. माणसाच्या चेहऱ्यावर ती जन्माआधीच बुजते, म्हणून माणसाला हे हाडच नाही असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. ते आपल्यालाही असतं हे दाखवून देणाऱ्यांत जर्मन कवी गटे होता, १७८४ साली. कपाटातली लहान मुलाची कवटी काढून मी हवालदारांना तोंडाच्या आतला टाळू दाखवला. पटाशीच्या मागे त्याच शिवणीची पुसट खूण होती. चेहरा मात्र कोरा.

खोक्यात होतं वानराचं पिल्लू.

कापडाचा उलगडा हवालदारांनीच केला. वानर मेलं की त्यांच्याकडे हळदकुंकू वाहून, नव्या कापडात गुंडाळून पुरतात. मारुतीरायाचं रूप मानतात ना. अहवालात मी त्याबद्दल अक्षरही लिहिलं नाही. "मानवी नाही" एवढा निष्कर्ष, त्याची कारणं आणि दाढेचे, शिवणीचे फोटो. पण सही-शिक्क्याचा कागद पोचायला वेळ लागतो आणि त्या दोन घरांची रात्र कशी जाईल, हे डोक्यातून जात नव्हतं. म्हणून हवालदार निघायच्या आतच मी पीएसआय साहेबांना फोन लावला आणि निकाल आजच गावात सांगा, अशी विनंती केली.